आजारपणाचा जमाखर्च

वर्षअखेरीस घरची वही उघडून बसण्याची रीत अद्याप कांहीं कुटुंबांत टिकून आहे. धान्य, किराणा, मुलांची फी, दूध, वीज, सणवार, आल्यागेल्याचा पाहुणचार हीं खातीं बहुधा ठरलेल्या मर्यादेंत राहतात; मर्यादेबाहेर गेलीं तरी तीं कशानें गेलीं तें सांगतां येतें. एकच खातें असें आहे कीं, ज्याचा आकडा आधीं कोणासच मांडतां येत नाहीं. तें आजारपणाचें. आपल्या राज्यांत आरोग्याच्या व्यवस्थेंत गेल्या दहाबारा वर्षांत ज्या सुधारणा झाल्या, त्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला आहे. आम्ही वैद्य नव्हों, अर्थशास्त्रज्ञहि नव्हों. परंतु ह्या सुधारणा घरच्या वहींतील त्या एका पानापर्यंत कितपत पोंचल्या, हें पाहण्याचा अधिकार सामान्य नागरिकास आहे, असें समजून हे चार शब्द लिहीत आहों.

आम्ही राहतों ती मुकुंदवाडी एके काळीं शहराबाहेरची वाडी होती. आज ती छत्रपती संभाजीनगरांत पुरती मिसळून गेली आहे. एका अंगास सिडकोच्या वसाहती, दुसऱ्या अंगास चिकलठाण्याचे कारखाने व विमानतळ, जवळून जाणारा जालना रस्ता आणि आगगाडीचें एक लहानसें स्टेशन. पेन्शनर, कारखान्यांतील कामगार, दुकानदार आणि खेड्यांतून पोट भरावयास आलेला मजूर हे सारे येथें शेजारीशेजारीं नांदतात. त्यामुळें आरोग्यव्यवस्थेचे सर्व मासले एकाच रस्त्यावर पाहावयास मिळतात. कामगारास १९४८ च्या कायद्यानें सुरू झालेल्या राज्य विमा योजनेचा आधार असतो. त्यासाठीं त्याच्या वेतनांतून पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के घ्यावे, असा दर २०१९ सालीं ठरला. मजुरास सरकारी दवाखाना. आणि मधल्या स्थितींतील आपल्यासारख्या कुटुंबास? त्यास आजवर मुख्य आधार दोनच: साठविलेला पैसा आणि एकत्र कुटुंब.

ह्या प्रश्नाचा मुळापासून विचार आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वींच झाला होता. सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणासहि उपचारांवांचून परत जावें लागूं नये, आणि रोग बरा करणें व रोग टाळणें हीं दोन कामें निरनिराळीं मानूं नयेत, हें त्या अहवालाचें सार होय. दोनच वर्षांनीं, ५ जुलै १९४८ रोजीं, इंग्लंडांत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि दवाखान्याच्या पायरीवर खिसा चांचपण्याची पाळी तेथील नागरिकावर राहिली नाहीं. आपल्याकडे १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रें उघडूं लागलीं, तीं खेड्यांकरितां. शहरांतील दाट वस्त्यांसाठीं दर पन्नास हजार लोकांमागें एक आरोग्य केंद्र असावें, असें राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानें ठरविलें तें २०१३ सालीं. म्हणजे साठ वर्षें शहरांतील गरिबाचा आणि मध्यमवर्गीयाचा जवळचा दवाखाना म्हणजे खाजगी डॉक्टर किंवा थेट मोठें रुग्णालय, असाच क्रम राहिला.

मराठवाड्याच्या वांट्यास असें मोठें रुग्णालय आलें तें १९५६ सालीं स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर. सारा प्रांत त्यास 'घाटी' म्हणून ओळखतो. जालना, बीड, परभणी, बुलढाणा अशा आसपासच्या जिल्ह्यांतून रोगी येथें येतात. ज्या खोकल्यास आळींतल्या दवाखान्यांत औषध मिळावयास हवें, तो खोकला आणि ज्या हृदयविकारास तज्ज्ञ हवा, तो हृदयविकार हे दोघेहि एकाच रांगेंत उभे राहतात. रांग लांबते, डॉक्टर थकतो, नातेवाईक चिडतात, आणि दोष मात्र एकमेकांवर जातो. चिकलठाण्यास जिल्हा रुग्णालय झाल्यापासून आमच्या बाजूच्या लोकांची पायपीट कमी झाली. लोकांनीं त्यास 'मिनी घाटी' हें नांव आपण होऊन दिलें, ह्यांतच त्याची गरज किती होती तें दिसतें. १ मे २०२३ पासून राज्यभर उघडलेल्या 'आपला दवाखाना' ह्या संस्थेचा हेतूहि हाच कीं, लहान दुखणें लहान ठिकाणींच मिटावें. हेतु उत्तम आहे. पण दवाखान्याची पाटी म्हणजे दवाखाना नव्हे. तेथें डॉक्टर वेळेवर बसतो कीं नाहीं, औषधें शिल्लक असतात कीं नाहीं, हें पाहणारा डोळा शेजारच्या नागरिकाचाच असावयास हवा.

आतां योजनांकडे वळूं. २ जुलै २०१२ रोजीं आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व पुढील वर्षीं ती सर्व राज्यास लागू झाली. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव मिळालें आणि पुढें केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशीं तिची सांगड घातली गेली. जुलै २०२३ मधील निर्णयानें शिधापत्रिकेचा रंग न पाहतां ती राज्यांतील सर्व कुटुंबांस खुली करण्याचें ठरलें, आणि वार्षिक मर्यादा दीड लाखांवरून पांच लाख रुपये झाली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न कांहींहि असो, आयुष्मान योजनेंत घेतलें गेलें. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून तपासणी व उपचारांचें शुल्क माफ झालें. वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें दुसऱ्या खात्याकडे असल्यामुळें तीं त्या निर्णयांत आलीं नाहींत.

हें सर्व सांगण्याचें कारण असें कीं, आपल्या वर्गांतील पुष्कळ घरांस ह्याची दादच नाहीं. 'सरकारी योजना आपल्यासाठीं नव्हे' असें म्हणून शिधापत्रिका कपाटाच्या तळाशीं टाकलेली असते, आणि वडिलांस अर्ध्या रात्रीं छातींत कळ आली म्हणजे मग ती शोधण्याची धांवपळ होते. योजनेंत कोणतें रुग्णालय आहे, तेथें 'आरोग्यमित्र' कोठें बसतो, आधार कार्डावरील आणि शिधापत्रिकेवरील नांव जुळतें कीं नाहीं, हें सुखाच्या दिवसांत पाहून ठेवावयाचें असतें. तसेंच, २००६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें घालून दिलेल्या योजनेप्रमाणें धर्मादाय रुग्णालयांनीं दहा टक्के खाटा निर्धनांस मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीनें द्यावयाच्या असतात. आणि २०२१ च्या नियमांनीं खाजगी रुग्णालयांस दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनीं भागीं लावणें भाग आहे. हक्क मागणें म्हणजे भीक मागणें नव्हे, आणि दर विचारणें म्हणजे डॉक्टरचा अपमान करणें नव्हे.

येथपर्यंत सुधारणेची जमेची बाजू झाली. आतां खर्चाची. ह्या बहुतेक योजनांचें दार रुग्णालयाच्या खाटेवर निजल्यावांचून उघडत नाहीं. परंतु घरोघर पैसा झिरपतो तो खाटेवर नव्हे. आजोबांच्या रक्तदाबाची गोळी, आजीची मधुमेहाची गोळी, थायरॉइडची तपासणी, मुलाचा दमा, सुनेचें कंबरदुखणें. ह्यांसाठीं कोणी दाखल होत नाहीं, पण औषधाच्या दुकानाचें बिल महिन्याच्या महिन्यास येतें. देशाच्या आरोग्यखर्चांत लोकांनीं थेट खिशांतून दिलेल्या पैशाचा वांटा २०१३-१४ सालीं शेंकडा ६४.२ होता, २०२१-२२ सालीं तो शेंकडा ३९.४ वर आला, असें राष्ट्रीय आरोग्यलेखे सांगतात. ही उतरण लहान नव्हे आणि ती मान्य न करणें अन्यायाचें होईल. तथापि त्याच वर्षीं सरकारचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा १.८४ च होता, आणि २०१७ च्या आरोग्यधोरणानें २०२५ पर्यंत गांठावयाचा ठरविलेला पल्ला शेंकडा २.५ चा होता. उरलेलें अंतर कोण भरतो? आमचें उत्तर सोपें आहे: ज्याची गोळी रोजची आहे, तो.

ह्या बाबतींत गृहस्थास स्वतः करण्यासारखेंहि कांहीं आहे. एकाच औषधाचे निरनिराळ्या नांवांनीं निरनिराळे भाव असतात. डॉक्टरांनीं औषध मूळ नांवानें लिहावें, असा नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगानें ऑगस्ट २०२३ मध्यें केला आणि त्याच महिन्यांत तो स्थगितहि केला. तेव्हां नियमाची वाट न पाहतां आपणच विचारावें: 'डॉक्टरसाहेब, हेंच औषध जन औषधी केंद्रांत मिळणारें चालेल काय?' समंजस डॉक्टर त्याचें उत्तर सरळ देतो. उलट, साध्या तापास सलाइन लावा, इंजेक्शन द्या, असा आग्रह रोग्याच्याच बाजूनें होतो, हेंहि विसरूं नये. औषधापेक्षां सुईवर अधिक विश्वास ठेवणारें गिऱ्हाईक असलें म्हणजे सुईचाच व्यापार वाढावयाचा.

परंतु आरोग्याची सुधारणा दवाखान्यांतच होते, ही समजूतच आमच्या मतें सर्वांत महाग पडते. ह्या शहराचें पाणी पैठणच्या जायकवाडींतून येतें, आणि वर्षानुवर्षें तें नळास कांहीं दिवसांआड येत आलें. सतराव्या शतकांत मलिक अंबरानें नहरी काढून जेथें पाणी खेळविलें, तेथें पिंप, हौद, टाक्या आणि घागरी भरून ठेवणें हा घरोघरचा नेम होऊन बसला. डेंग्यूचा डांस गटारांत वाढत नाहीं. तो अशा सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो, आणि आठदहा दिवसांत त्याची नवी पिढी उडूं लागते. म्हणजे नळाचें अनियमित पाणी आणि रुग्णालयाचें बिल ह्यांत अंतर एका आठवड्याचें आहे. आठवड्यांतून एक दिवस भांडीं कोरडीं करून घासावीं, उरलेल्या टाक्यांवर घट्ट झांकण किंवा कापड बांधावें, ह्यास कोणत्याहि योजनेची मंजुरी लागत नाहीं. पण नळास रोज पाणी आलें तर हा कोरडा दिवस पाळण्याची गरजच कमी होईल, हें नगरपित्यांसहि ऐकविलें पाहिजे. पाणीपुरवठ्याचा खर्च हा आरोग्याचाच खर्च होय.

आणखी एक गोष्ट सांगावयाची ती थोडी कडू आहे. एकत्र कुटुंब ही आपल्याकडील सर्वांत जुनी विमा योजना. कोणी आजारी पडलें तर उशाशीं बसावयास माणूस असतें, पैसा कमी पडला तर भाऊ उभा राहतो. ह्या योजनेचा आम्हांस अभिमान आहे. परंतु तिचे लाभ सर्व सभासदांस सारखे मिळतात काय? कर्त्या पुरुषास शिंक आली तर काढा उकळतो. सून महिनोन्महिने चक्कर येत असतां पोळ्या लाटीत राहते, आणि विचारलें तर 'कांहीं नाहीं, उन्हानें होतें' म्हणते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शेंकडा ५७ स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. ह्यांत केवळ गरिबांच्याच घरच्या स्त्रिया आहेत, असें समजून कोणी समाधान मानूं नये. लोहाची गोळी स्वस्त आहे, तपासणी सोपी आहे. मध्यें आड येतो तो पैसा नव्हे, तर सर्वांचें जेवण झाल्यावर उरेल तें खावें आणि दुखणें असह्य झाल्यावर मग सांगावें, हा शिरस्ता. सरकारनें पांच लाखांची हमी दिली तरी ही गांठ सरकारास सोडवितां येणार नाहीं.

घरच्या बाईचें ज्ञान काय करूं शकतें, ह्याचें उदाहरण मराठवाड्याच्या सीमेलगतच आहे. जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० सालीं काम सुरू केलें. खेड्यांतल्या, बहुतेक निरक्षर, स्त्रियांस त्यांनीं बाळंतपण, जुलाब, मुलांचें पोषण, स्वच्छ पाणी ह्यांचें शिक्षण दिलें; आणि डॉक्टर जेथें जात नव्हता तेथें ह्या बायका आरोग्य घेऊन गेल्या. १९७९ सालीं त्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. निरक्षर बाईस जें शिकतां आलें तें आपल्या पदवीधर घरांस जड वाटूं नये.

कोणी म्हणतील, सरकारी रुग्णालयाची स्थिति ठाऊक असतां आम्हीं तेथें कां जावें? आक्षेप खोटा नाहीं. आजारी मुलावर तत्त्वाचा प्रयोग करा, असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. पण ज्या दवाखान्यांत लिहितांवाचतां येणारा वर्ग पाऊल टाकीत नाहीं, त्या दवाखान्याविषयीं अर्ज लिहावयास कोणी उरत नाहीं. निदान लसीकरण, रक्तदाबाची तपासणी, कुत्रें चावल्यावरची लस, क्षयाचें औषध ह्यांसाठीं जवळच्या केंद्रांत जावें. चांगलें आढळलें तर तेथील डॉक्टर व परिचारिकांस तसें सांगावें, वाईट आढळलें तर सहीनिशी लिहून द्यावें. आपल्या सहीमागें मजुराचेंहि गाऱ्हाणें पोंचतें.

तूर्त वाचकांस एवढीच विनंति आहे. ह्या आठवड्यांत सर्वांच्या शिधापत्रिका, आधार कार्डें व जुने केसपेपर एका पिशवींत घालून ती कोठें ठेविली तें घरांतील प्रत्येकास सांगावें. आणि रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसलीं म्हणजे, वाढणाऱ्या हातालाहि पंगतींत बसवून, 'कोणाचें कांहीं दुखत आहे काय?' असें एकदां विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.