कृमींची नामावळी आणि नदीतील मासा

आमच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राने महाराष्ट्रातील नद्यांची मोठी उपेक्षा केली आहे, असे विधान आम्ही केल्यास कित्येक व्यवसायबंधू रुष्ट होतील हे आम्ही जाणून आहो. तथापि ते केल्यावाचून गत्यंतर नाही. गेली पन्नास-साठ वर्षे मराठवाड्यात व विदर्भात गोड्या पाण्यातील माशांच्या पोटातील कृमींवर प्रबंधांमागून प्रबंध लिहिले गेले. एवढे होऊनही त्या कृमींमुळे नदीतील मासा रोडावतो किती, मरतो किती, त्याची वीण घटते किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या ढिगाऱ्यातून हाती लागणे मोठे दुर्घट आहे.

हे संशोधन चालते कसे, ते ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्याकरिता थोडक्यात सांगणे अवश्य आहे. बाजारातून वाम, मरळ किंवा मागूर विकत आणावा. त्याचे आतडे चिरावे. त्यात पट्टकृमी सापडला की तो रंगवून काचपट्टीवर बसवावा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढावे, डोक्याची लांबी व अंडाशयाची रुंदी दशांश अपूर्णांकात मोजावी. आणि पूर्वी वर्णिलेल्या कृमीहून दोन-चार मापे निराळी भरली की नवी जाती जाहीर करावी. नाव गावाचे द्यावे, नदीचे द्यावे, नाहीतर गुरुजींचे द्यावे. सेंगा या प्रजातीतील कृमींना औरंगाबादेचे (आजच्या छत्रपती संभाजीनगराचे) व गोदावरीचे नाव चिकटले ते याच प्रघातानुसार. नामकरणाला आमची हरकत नाही. नावावाचून शास्त्राचे पान हलत नाही. परंतु पट्टकृमी हा मऊ, आकुंचन पावणारा जीव. मारताना तो आखडला की आखूड भरतो, सैल पडला की लांब. अशा जिवाच्या मापांवर जातींची बखर लिहावयाची म्हणजे ओल्या धोतराची लांबी मोजून विणकराचे गोत्र ठरविण्यापैकीच होय!

याचा जो परिणाम व्हावयाचा तोच झाला. 2011 साली काही युरोपीय व भारतीय अभ्यासकांनी मागुराच्या पोटातील एका विशिष्ट गणाच्या पट्टकृमींची नव्याने छाननी केली. भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या प्रदेशातून या एका माशातून त्या गणाच्या 59 जाती तोवर नोंदल्या गेल्या होत्या. छाननीअंती ग्राह्य ठरल्या अवघ्या 8. उरलेल्या 51 नावांमागे किती पदव्या, किती बढत्या आणि किती सत्कार उभे असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. आणि दैवाची थट्टा अशी की, ज्याच्या पोटातील कृमींना आम्ही एवढी नावे दिली, तो देशी मागूरच आज जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. पाहुण्यांची नामावळी सजविण्यात आम्ही इतके गढलो की यजमान घर सोडून निघाला तरी कोणी मान वर केली नाही.

आता वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) या गावाकडे पाहू. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र या गावी आहे. वैद्यकाचे विद्यार्थी येथे येऊन घरोघर फिरतात. कोणाला पंडुरोग आहे, कोणाच्या पोटात जंत आहेत, पाणी कोठून भरतात, शौचास कोठे जातात, याची पृच्छा करतात. 2015 पासून तर देशात ठरलेल्या दिवशी मुलांना जंतांची गोळी देण्यात येते. माणसाच्या पोटातील कृमीकडे पाहण्याची ही दृष्टी आम्हांस अत्यंत आदरणीय वाटते. कारण ती कृमीचे नाव सांगून थांबत नाही, शंभरांत किती मुलांना बाधा आहे व ती कशाने कमी होईल, असे विचारते. याच परिसरातून धाम नदी वाहते. महाकाळीच्या धरणातून सुटलेले तिचे पाणी पुढे पवनारास विनोबांच्या आश्रमाखालून जाते. त्या पाण्यातील माशांविषयी हाच प्रश्न कोणी विचारावयाचा? वैद्य म्हणेल, आमचे काम माणसांचे. मत्स्यखात्याचे मुख्य लक्ष तलावांवर व मत्स्यबीजावर. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक म्हणेल, नवी जाती सापडली तर कळवा.

कोणी म्हणतील, परोपजीवी हे सृष्टीच्या आरंभापासूनच आहेत. त्यांच्याविषयी एवढा गहजब कशाला? हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. निरोगी वाहत्या नदीतील माशाच्या अंगीही कृमी असतात आणि तो सुखाने जगतो. पण हे सुख कशावर अवलंबून आहे ते पाहावे. माशांच्या कातडीवर काळे ठिपके पाडणाऱ्या चपट्या कृमीचे उदाहरण घ्या. बगळ्या-खंड्यासारख्या पक्ष्याच्या विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी गोगलगायीत शिरते. तेथे तिची असंख्य पिल्ले होतात. ती बाहेर पडून माशाच्या कातडीत रुततात. आणि तो मासा पक्ष्याने गिळला की फेरा पुरा होतो. या साखळीत माणूस कोठेच नाही असे वाटते. परंतु धरणाखाली नदी उन्हाळ्यात तुटक डोहांची माळ होऊन राहिली, त्या डोहांत गावाचे सांडपाणी येऊन शेवाळ माजले, की गोगलगायी वाढतात, मासे एका जागी कोंडले जातात, ऊन पाण्यात प्राणवायू घटतो, आणि जो कृमी काल सोबती होता तो आज वैरी बनतो. कृमी तोच, नाव तेच. बदलली ती नदी. आमच्या प्रबंधांत बहुधा ज्याला जागा नसते ते हेच, नदीची अवस्था.

नॉर्वे देशाचा दाखला येथे बोलका आहे. तेथील नद्यांतील सामन माशांवर 1975 साली एक सूक्ष्म कृमी दिसू लागला. बाल्टिक समुद्राकडील सामनांना तो फारसा जाचत नसे. नॉर्वेच्या सामनांची पिल्ले मात्र त्याने उजाड केली. मत्स्यबीजाच्या वाहतुकीबरोबर तो देशात शिरला होता. सुमारे 50 नद्यांना त्याची बाधा झाली. तेथील लोकांनी काय केले? नदीनदीतील पिल्ले मोजली, मूळ सामनांचे बीज निराळे सांभाळले, आणि अखेर कित्येक नद्यांत विष घालून सारे मासे मारले व जुने बीज पुन्हा सोडले. हा उपाय आम्हांस भीषण वाटतो, आणि गरिबांच्या नदीत तो कोणी सुचवू नये. परंतु त्यांच्यापाशी मोजदाद होती म्हणून आपले काय गेले हे त्यांस सांगता आले.

आमच्याकडे तर दारे सताड उघडी आहेत. 1952 साली टिलापिया आला, 1959 साली गवत्या व चंदेरी हे कार्प मासे आले. कटला, रोहू व मृगळ हे मूळ गंगेच्या खोऱ्यातील, ते विदर्भाच्या जलाशयांत वर्षानुवर्षे सोडले जात आहेत. आफ्रिकेच्या मांगुरावर बंदी घालावी लागली तरी तो चोरवाटेने येतच राहिला. गवत्या कार्पाबरोबर आशियाई पट्टकृमी जगभर पसरला, हे शास्त्रास ठाऊक आहे. तरीही बीजाची पिशवी जलाशयात उलटण्यापूर्वी आतील चार पिल्ले चिरून पाहावी, हा नेम मात्र पडलेला नाही.

हा केवळ माशांचा प्रश्न आहे, असे समजणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांस नारूची आठवण द्यावीशी वाटते. भारत 2000 साली नारूमुक्त ठरला. परंतु आफ्रिकेतील चाड देशात 2010 नंतर तो पुन्हा दिसू लागला, कुत्र्यांतही आढळला, आणि संशय माशांच्या कच्च्या आतड्यांवर आला. तेथे आता आतडी पुरून टाका असे गावोगाव सांगितले जाते. शिवाय धामेच्या काठी भोयांची व धीवरांची घरे आहेत. आपल्या जाळ्यात काय येत नाही हे त्यांस आमच्यापूर्वी कळते. फक्त ते कोणत्याही नियतकालिकात छापले जात नाही.

आमची मागणी फारशी खर्चाची नाही. वर्धा जिल्ह्यातील प्राणिशास्त्राच्या वर्गांनी नव्या जातीचा नाद दहा वर्षे सोडावा. आंजीपासून पवनारापर्यंत चार जागा ठरवाव्या. दर महिन्यास त्याच जागी, भोयांना दाम देऊन, तेच मासे घ्यावे. माशाचे वजन, पाण्याची पातळी व उष्णता, गोगलगायी आणि शंभरांत किती मासे बाधित, एवढेच एका वहीत लिहावे. अशा कामास विद्यापीठात गुण मिळत नाहीत, असे आम्हांस सांगण्यात येते. मग गुण देण्याची रीत बदलावी. ती वहीच्या पहिल्या पानाइतकी स्वस्त आहे.