आजी, मिक्सर आणि कोबोल

परवा एका लग्नात, भर पंगतीत भाच्याने विचारलं, "मामा, तू अजून कोबोलच लिहितोस?" त्याच्या आवाजातली कीव मी मठ्ठ्याच्या घोटाबरोबर गिळली. भाचा जावावाला. शेजारी बसलेल्या काकूंना वाटलं, मला काहीतरी दुखणंच जडलंय. तेव्हा ही पोस्ट त्या दोघांसाठी. तुम्हालाही वेळ असेल तर वाचा.

काकूंसाठी आधी ओळख. कोबोल ही १९५९ साली आकाराला आलेली, धंद्याच्या हिशेबांची भाषा. 'वायटूके'च्या धामधुमीत पुण्या-मुंबईची आमच्या पिढीतली कित्येक पोरं तिच्याच जोरावर पहिल्यांदा विमानात बसली. २००० साल उजाडलं, जग बुडालं नाही आणि कोबोलही मेलं नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली होती!

आता भाच्याचा मुद्दा. पीडीएफ बनवायची, क्यूआर कोड काढायचा, तर जावात तयार लायब्ऱ्या आहेत. कोबोलमध्ये हे सगळं हाताने लिहिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. कबूल! पण "मग सगळंच जावात लिहून टाका" हे त्यातून कसं निघतं? आजीच्या स्वयंपाकघरात मिक्सर नाही, म्हणून आजीलाच घराबाहेर काढायचं? मिक्सर आणा की.

आणि मिक्सर आणता येतो. कोबोलच्या २००२ सालच्या स्टँडर्डमध्येच ऑब्जेक्ट्स आले. आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या कोबोलमधून 'इन्व्होक' वापरून जावाच्या मेथडला बोलावता येतं. २०२२ च्या ६.४ आवृत्तीपासून तर साध्या 'कॉल'नेही जावाची स्टॅटिक मेथड चालवता येते.

पण आमचे जुने खोंडही कमी नाहीत. "ऑब्जेक्ट-बिब्जेक्ट आपल्याला नको" म्हणत तीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेले. त्यांच्यामुळेच भाच्यासारख्यांचं फावतं. मीही त्यातलाच होतो, आणि पहिल्यांदा जावाला हाक मारली तेव्हा तोंडावर आपटलो. व्याजाची रक्कम जावाकडे 'डबल' म्हणून पाठवली आणि बेरजेत काही पैशांचा फरक आला. दोन रात्री शोधत होतो. कोबोल रकमेचा एकेक दशमान आकडा जसाच्या तसा जपतं. 'डबल' मात्र बायनरीत मोजतो. त्याच्या लेखी ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४. कोबोल चुकलं नव्हतं, लायब्ररीही चुकली नव्हती. चूक दारात होती, आणि ते दार मी बांधलं होतं.

तेव्हापासून माझा हट्ट आहे, की हे दार अरुंद ठेवा. पलीकडे एकच स्टॅटिक मेथड असू द्या, ऑब्जेक्ट्सची मिरवणूक इकडे आणू नका. पैसे पाठवायचे ते पूर्णांकात किंवा मजकूर म्हणून, 'डबल'मध्ये कधीच नाही. जावात काही बिनसलं तर एक्सेप्शन तिकडेच पकडा आणि इकडे साधा रिटर्न कोड द्या, कारण 'इन्व्होक'नंतर कोबोलने स्वतःहून विचारलं नाही तर त्याला पत्ताच लागत नाही. आणि एकेका रेकॉर्डसाठी दार वाजवू नका, हजार रेकॉर्ड एकदम द्या.

इतका खटाटोप कशाला, असं भाचा विचारेलच. तर ऐक. आमच्या एका प्रोग्राममध्ये एक 'इफ' आहे. ठराविक जुन्या खात्यांची रक्कम तो वेगळ्या पद्धतीने पूर्णांकात आणतो. का, ते कुठल्याही कागदावर नाही. लिहिणारा केव्हाच रिटायर झाला. नव्याने लिहिणारा हुशार पोरगा ती ओळ फालतू समजून गाळेल, सगळ्या टेस्ट पास होतील, आणि कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या पासबुकात दरमहा काही पैसे कमी पडतील. तो तक्रारही करणार नाही, कारण त्याला ते कळणारच नाही. मला भाषेचं प्रेम वगैरे काही नाही रे, मला त्या पासबुकाची काळजी आहे.

जे चुकलंय, जे कुणालाच वाचता येत नाही, ते जरूर बदला. पण आधी ते 'इफ' समजून घ्या, मग हात लावा. तोवर दार उघडं आहे. मेथड तू लिही, 'कॉल' मी लिहितो.

असो. काकू, मी ठणठणीत आहे, काळजी नसावी :)