हब हाताने फिरवावा लागतो, हेच बरे

जुन्या फोर बाय फोर ट्रकचे किंवा जीपचे आपोआप जोडले जाणारे हब दगा देऊ लागले, की मालकापुढे दोन वाटा असतात. तोच भाग नवा आणून बसवायचा, किंवा तो काढून त्या जागी हाताने फिरवायचे साधे हब लावायचे. पहिली वाट कंपनीची, म्हणून सुरक्षित वाटते. दुसरी मागे जाण्याची वाटते. माझे मत स्पष्ट आहे: गाडीला दहा-पंधरा वर्षे झाली असतील आणि तिला खरोखरच चिखलातून, चढावरून जायचे असेल, तर हाताचे हब लावावेत. पुढच्या चाकाच्या मधोमध असणारा हा भाग चाक आणि त्यामागचा शाफ्ट यांना जोडतो किंवा सोडवतो. गाडी नुसती मागच्या चाकांवर धावत असताना हब सुटा असला, की पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट उगाच फिरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या जीप अमेरिकेत सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि डांबरी रस्त्यावर धावू लागल्या, तेव्हा ही गरज निर्माण झाली. 1948 साली सिएटलमध्ये आर्थर वॉर्न यांनी अशा जीपसाठी हब बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे महिंद्राने त्याच विलिस जीपची जुळणी सुरू केली तो काळही हाच. त्या हबमध्ये एक दातेरी कडे, एक स्प्रिंग आणि बाहेरून फिरवायची चकती, एवढाच ऐवज होता. आजही मूळ रचना तीच आहे.

पुढे कंपन्यांना वाटले, की ग्राहकाने पावसात खाली उतरून चकती फिरवावी हे बरे दिसत नाही. मग आपोआप जोडले जाणारे हब आले. काहींत गाडीच्या हालचालीवर कडे सरकते, तर काहींत व्हॅक्यूमच्या ओढीने. व्हॅक्यूमचा मार्ग पाहिला, की दुखणे कुठे आहे ते कळते. पंपापासून किंवा इंजिनापासून निघालेली ओढ आधी विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमधून जाते, मग चेसिसला धरून रबरी नळ्यांतून, मग वळणाऱ्या चाकाच्या सांध्यातून, तिथल्या सीलमधून, आणि शेवटी हबच्या पातळ पडद्यापर्यंत पोहोचते. यातली निम्मी वाट रबराची आहे, आणि ते रबर ब्रेकच्या उष्णतेजवळ, चिखलपाण्यात बसलेले असते. दहा वर्षांनी ते चिरले तर त्यात नवल नाही.

पण खरा धोका वेगळाच आहे, आणि मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो. साध्या, लॉक नसलेल्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही बाजूंना ओढ सारखीच मिळते. एका बाजूचा हब जोडला गेला नाही, तर सगळे फिरणे त्या मोकळ्या शाफ्टकडे जाते आणि दुसऱ्या बाजूचे धडधाकट चाकही जवळजवळ निर्जीव होते. म्हणजे एका सीलच्या फटीमुळे पुढची दोन्ही चाके निकामी होतात. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा दिवा पुढच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या ट्रान्स्फर केसची खबर देतो, हबची नव्हे. त्यामुळे चालकासमोर फोर बाय फोरचा दिवा लागलेला असतो आणि गाडी मात्र मागच्या दोन चाकांवर असते. हे त्याला कळते ते घसरणीवर, म्हणजे अगदी नको त्या क्षणी. हाताच्या हबची खूण चाकावरच, डोळ्यांसमोर असते.

इतिहासाचा कौलही हाच आहे. 1998 साली फोर्डने रेंजर पिकअपला व्हॅक्यूमच्या झटक्याने जोडले जाणारे हब दिले. ते इतके त्रासदायक ठरले, की काही वर्षांतच कंपनीने ती पद्धत सोडली आणि पुढचे शाफ्ट कायम चाकाला जोडलेले ठेवले. त्याच कंपनीच्या मोठ्या सुपर ड्यूटी ट्रकांच्या व्हॅक्यूम हबवर हाताने लॉक करायची चकतीही आहे. यंत्रणा चुकू शकते, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक होते याचा याहून बोलका पुरावा कोणता? आपल्याकडे थार सीआरडीईमध्येही व्हॅक्यूमवरचे हब आले, त्यामुळे हा प्रश्न परका राहिलेला नाही.

रेंजरचे उदाहरण माझ्यावरही उलटवता येईल: हब कायम जोडलेलेच चालत असतील, तर हबऐवजी चाक आणि शाफ्ट कायम जोडून ठेवणारी पक्की फ्लँज का लावू नये? आक्षेप रास्त आहे. हब सुटे ठेवल्याने डिझेल वाचते असे सांगितले जाते, पण ती बचत फार मोठी नसते, आणि तेवढ्यासाठी कोणी हब घेऊ नयेत. मात्र जुन्या गाडीत पुढचे सांधे आणि बेअरिंग आधीच झिजलेले असतात. त्यांना हमरस्त्यावर विश्रांती मिळणे मोलाचे आहे. शिवाय एखादा पुढचा शाफ्ट वाटेत तुटला, तर हब सोडून मागच्या चाकांवर घरी येता येते. फ्लँज असेल तर ही सोय नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा. चिखलात रुतल्यावर खाली उतरायचे कोणी? उत्तर सोपे आहे: रुतण्याआधी उतरायचे. ट्रान्स्फर केस मागच्या चाकांवर असताना हब लॉक ठेवून डांबरी रस्त्यावर गाडी चालवली तरी काही बिघडत नाही. बिघडते ते कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावल्याने. म्हणून कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने जूनमध्ये हब लॉक करून सप्टेंबरअखेर सोडले तरी चालेल. अधूनमधून ते फिरवत मात्र राहावे, नाहीतर चकती जाम होते. ज्यांना गुडघ्याच्या दुखण्यामुळे वाकणे जमत नाही, त्यांच्यासाठी स्वयंचलित हबच योग्य, हे मी मान्य करतो. पण गाडीच्या हालचालीवर चालणाऱ्या जुन्या हबची एक खोड त्यांनीही लक्षात ठेवावी. उतारावर इंजिनाने गाडी रोखताना ओढीची दिशा उलटते आणि असे हब सुटू शकतात. घाट उतरताना हे परवडणारे नाही.

बदल करताना घाई नको. शाफ्टवरच्या दातांची संख्या हबशी जुळलीच पाहिजे. बऱ्याच स्वयंचलित हबांत बेअरिंगचे नटही वेगळ्या घडणीचे असतात, तेव्हा तेही बदलावे लागतात, आणि बेअरिंगचा ताण कंपनीच्या मापानेच बसवावा लागतो. हबच्या आत ग्रीसचा पातळ थर पुरे. ठासून भरले तर कडे सरकत नाही. काम झाल्यावर पुढची दोन्ही चाके भक्कम स्टँडवर उचलून, मागच्या चाकांना उटी लावून, इंजिन बंद ठेवून, गाडी गिअरमध्ये आणि फोर बाय फोरमध्ये टाकावी, हब लॉक करावेत आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलट दिशेने फिरले, तर दोन्ही हब जोडले गेले.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला, आणि त्यात वाहनक्षेत्रही आहे. त्या चौकटीत जुन्या फोर बाय फोर गाड्यांचा विचार व्हायला हवा. कंपन्यांनी हाताचे हब, त्यांचे नट आणि सील सुटे भाग म्हणून विकावेत आणि बसवण्याची मापे कोणत्याही गॅरेजला खुली करावीत. मालकांनीही आपल्या गाडीची स्थिती पाऊस सुरू होण्याआधी मेकॅनिककडून तपासून घ्यावी, डॅशबोर्डच्या दिव्यावर भरवसा ठेवू नये.