पहिले दोनशे राउंड

बाजारात नव्याने आलेल्या .३२ बोरच्या एका छोट्या पिस्तुलाबद्दल गेले काही महिने पत्रं येत आहेत. ठाण्याहून, कल्याणहून, डोंबिवलीहून. डोंबिवलीच्या एका वाचकाने तर फोटोच पाठवला: स्लाइड अर्धवट मागे, आणि इजेक्शन पोर्टमध्ये रिकामी खोळ उभी अडकलेली. कंपनीचं नाव छापा, असा बहुतेकांचा आग्रह आहे. या अंकात आम्ही ते छापत नाही. भीड कुणाचीच नाही. पण पत्रांत ‘जॅम होतं’ याच्यापुढे काही लिहिलेलं नाही. कितव्या राउंडला अडकलं, काडतूस कुठलं आणि कोणत्या लॉटचं, दोन मॅगझिनांपैकी कोणतं लावलं होतं, झाडणारा हात कुणाचा होता, यातलं काहीच हाताशी नसताना नाव छापणं म्हणजे वावड्या उठवणं.

यात पत्र लिहिणाऱ्यांना तरी काय दोष द्यायचा? चांगले पैसे मोजून घेतलेल्या या पिस्तुलातून बहुतेकांनी आजवर एखाद-दुसरं मॅगझीन रिकामं केलं असेल. पिस्तुलात खोट आहे की नाही हे ठरवायला जितके राउंड लागतात तितके आपल्याकडे कुणी झाडत नाही, आणि झाडू म्हटलं तरी झाडता येत नाहीत. आमची पहिली तक्रार याबद्दल आहे.

‘प्रूफ टेस्ट झालेलं आहे, मग अडकतं कसं?’ हा प्रश्न विक्रेत्यांनाही रोज ऐकावा लागत असणार. प्रूफ टेस्टमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून नळी आणि चेंबर तो दाब सोसतात का, एवढंच पाहतात. पिस्तूल हातात फुटणार नाही, ही त्या शिक्क्याची ग्वाही. सातवं काडतूस मॅगझीनमधून वर येईल का, याबद्दल तो शिक्का काही सांगत नाही. ते सांगण्याची सक्ती आज कुणावरच नाही.

पिस्तूल छोटं केलं की नेमकं काय बिघडतं, हे आर्मरर मंडळींना पाठ आहे. नव्या परवानाधारकांसाठी थोडं सविस्तर. नळी आखूड झाली की स्लाइडही आखूड आणि हलकी होते. हलकी स्लाइड जास्त वेगाने मागे जाते, म्हणून रिकॉइल स्प्रिंग कडक बसवावी लागते. स्लाइडचा प्रवास कमी, वेग जास्त. त्यामुळे मॅगझीनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर ढकलायला मिळणारा वेळ घटतो. मोठ्या पिस्तुलात जो ढिलेपणा खपून जातो तो इथे खपत नाही. मॅगझीनचे ओठ किंचित वाकलेले असले, चेंबरच्या तोंडाशी थोडी काजळी साचली, काडतुसात दारू जरा कमी पडली, की स्लाइड अर्ध्यावर थांबते. त्यात मूठ इतकी लहान की करंगळीला जागा नाही. मनगट ढिलं राहिलं की अख्खं पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जातं आणि स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही. डोंबिवलीच्या फोटोतली उभी खोळ यातल्या कशामुळेही अडकलेली असू शकते. हेच पिस्तूल प्रशिक्षकाच्या हातात मुकाट चालतं, आणि मग ग्राहक म्हणतो दुकानदार खोटं बोलतो, दुकानदार म्हणतो ग्राहकाला धरता येत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण अमेरिकी लष्कराचं आहे. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी सिग सॉअरचं पिस्तूल निवडलं. मोठं ते एक्सएम १७, त्याचं छोटं भावंड एक्सएम १८. अट अशी होती की दोन अडथळ्यांमध्ये सरासरी २,००० राउंड जावेत. पेंटॅगॉनच्या चाचणी विभागाने पुढच्या वर्षी जाहीर केलेल्या अहवालात साध्या बॉल काडतुसांवरचे आकडे आले: मोठ्याला ३४३, छोट्याला १९७. दुसऱ्या प्रकारच्या काडतुसांवर हीच पिस्तुलं कमी अडली. आणि निम्म्याहून अधिक अडथळे एकाच जातीचे होते, शेवटचा राउंड गेल्यावर स्लाइड मागे अडकून न राहण्याचे. शिकवलेल्या पकडीत नेमबाजाचा अंगठा स्लाइड कॅचवर टेकत होता. म्हणजे काडतूस बदललं की आकडा बदलतो, अंगठा हलवला की आकडा बदलतो, आणि एकाच घरातलं छोटं पिस्तूल मोठ्यापेक्षा जास्त अडतं. इतकी बारकाई शक्य झाली कारण हजारो राउंड झाडून प्रत्येक अडथळ्याची नोंद ठेवली गेली, आणि ती नोंद लोकांसमोर आली.

नागरी बाजारातही तिथे असंच होतं. २०१४ मध्ये आलेलं रेमिंग्टनचं आर ५१ तक्रारींमुळे त्याच वर्षी मागे घ्यावं लागलं; दुरुस्त होऊन ते दोन वर्षांनी परतलं, पण गेलेली पत परतली नाही. २०१८ च्या सिग पी ३६५ च्या सुरुवातीच्या पिस्तुलांत स्ट्रायकर तुटण्याच्या आणि ट्रिगरच्या स्प्रिंगच्या तक्रारी आल्या, कंपनीने भाग बदलले, आणि पुढे तेच पिस्तूल धडाक्याने खपलं. तक्रार करणाऱ्यांनी राउंडचा हिशोब ठेवला होता, म्हणून कंपनीला उत्तर द्यावं लागलं.

आता आपल्या .३२ कडे. ९ एमएम पॅराबेलम आपल्याकडे नागरिकांना मिळत नाही, त्यामुळे परवानाधारकाचं पिस्तूल म्हणजे .३२ एसीपी, ७.६५ एमएम. ब्राउनिंगच्या काळातलं, सव्वाशे वर्षांचं हे काडतूस अर्धं रिमवालं आहे. बुडाची कड खोळीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही खेचली तरी काडतूस पुढे सरकत नाही. यालाच रिमलॉक म्हणतात. लांबीला कमी असलेल्या काडतुसांत याची शक्यता वाढते, कारण त्यांना मॅगझीनमध्ये मागेपुढे सरकायला जागा मिळते. नेहमीसारखं ‘टॅप-रॅक’ करून, म्हणजे मॅगझीन ठोकून आणि स्लाइड खेचून, हे सुटत नाही, मॅगझीन काढूनच सोडवावं लागतं. आलेल्या पत्रांतल्या निदान काही ‘जॅम’मागे पिस्तूल नसून मॅगझीन भरण्याची घाई असावी, असा आमचा कयास आहे. कयासच, कारण मॅगझीन काढल्यावर आत काय दिसलं हे कुणीच लिहिलेलं नाही.

शिवाय आपली हवा. जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या ठाण्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये कंबरेला लावलेलं पिस्तूल घामाने आणि दमटपणाने आठवड्यात रंग बदलतं. लहान पिस्तूल अंगाला चिकटून वागवलं जातं, म्हणून त्यात कपड्याची लव आणि धूळही जास्त जाते. (खोबरेल तेल लावणाऱ्यांनी कृपया या अंकातला देखभालीचा लेख वाचावा. ते थंडीत थिजतं आणि एरवी चिकटा धरतं.) निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांची शस्त्रं पोलिस ठाण्यात जमा होतात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा काही आठवडे ती तिथेच पडून होती. परत मिळाल्यावर ती उघडून, पुसून, तेल देऊन मगच भरायची असतात. थेट कपाटात जातात, हे आपल्याला माहीत आहे.

हे सगळं तपासायचा उपाय जुनाच आहे. नवं छोटं पिस्तूल घेतलं की त्यातून किमान दोनशे राउंड काढावेत. शंभर-एक सरावाच्या काडतुसांचे, बाकीचे जे काडतूस रोज भरून ठेवणार त्याचे. प्रत्येक मॅगझिनाला नंबर घालून, दोन्ही हातांनी आणि एका हाताने. आकड्यात जादू नाही. पहिल्या पन्नासात नवे भाग एकमेकांत बसत असतात, तेवढे अडथळे माफ करता येतात. त्यानंतरचे करता येत नाहीत.

पण ठाण्या-कल्याणच्या माणसाने हे दोनशे राउंड काढायचे कुठे? एका वेळी किती काडतुसं आणि वर्षात किती, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. चाचणीत ती संपवली तर वर्षभर कपाटात पिस्तूल राहील आणि काडतूस राहणार नाही. हवेच्या पिस्तुलासाठी दहा मीटरची रेंज आपल्या पट्ट्यात शोधावी लागत नाही; .३२ साठी वरळीची वाट धरावी लागते, आणि तिथेही सभासदत्व, वेळ, परवानगी. म्हणून मग ‘येऊरला जाऊन दोन काढून बघितले’ असं सांगणारे भेटतात. येऊर राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे गोळी झाडणारा पिस्तुलाबरोबर परवानाही घालवून बसेल, आणि आमची सहानुभूती त्याला मिळणार नाही. तसंच डोंबिवली एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे जाऊन चेंबरच्या तोंडाला कानस मारून आणणाऱ्यांचं. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि एकदा कानस लागली की कंपनीही हात वर करते.

भरवशाची दुसरी बाजू आपल्या पत्रांत जवळजवळ येतच नाही: नको तेव्हा पिस्तूल न उडणं. कडक स्प्रिंगमुळे या छोट्या पिस्तुलाची स्लाइड वयस्कर परवानाधारकाला खेचवत नाही. मग मुलगा किंवा दुकानदार एकदा भरून देतो, आणि चेंबरमधलं ते काडतूस महिनोन्‌महिने तसंच राहतं. स्लाइड खेचायला किती जोर लागतो, हा प्रश्न आपल्या भागात एकदा थेट कोर्टात गेला आहे. २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या आरोपीचा गोळी लागून मृत्यू झाला. त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून झाडलं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं की पिस्तूल लॉक का नव्हतं आणि न शिकलेल्या माणसाला ते असं सहज झाडता येईल का. त्या प्रकरणाचा निवाडा करणं आमचं काम नाही. पण चेंबर भरलेला होता की रिकामा, सेफ्टी लावलेली होती की नाही, हे प्रश्न कोर्टाच्या आधी विक्रेत्याने आणि प्रशिक्षकाने विचारायचे असतात. चेंबर भरून ठेवणारच असाल, तर पिस्तूल खाली पडल्यावर उडतं का, याचं उत्तर कंपनीकडे मागा. ब्राझीलच्या टॉरसने २०१५ मध्ये अमेरिकेत याच तक्रारीवरून समझोता केला. त्यात नऊ मॉडेलं आणि सुमारे साडेनऊ लाख पिस्तुलं होती. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण पिस्तुलं परत घेण्याची आणि दुरुस्तीची तयारी दाखवली. आपल्याकडे पुस्तिकेत सेफ्टीचं चित्र असतं, पडण्याच्या चाचणीचा निकाल नसतो. घरी भरलेलं पिस्तूल पाडून बघण्याचा उद्योग अर्थातच कुणी करू नये.

ठाण्याच्या पोलिस आयुक्तालयाकडे आमची मागणी एकच आहे. शस्त्र परवान्यावर चढवताना खरेदीदाराला एकदाच, पोलिसांच्या देखरेखीखाली, सरावाच्या रेंजवर दोनशे राउंड झाडू द्यावेत. ही काडतुसं वर्षाच्या कोट्यात धरू नयेत, आणि रिकाम्या खोळी मोजून तिथेच जमा करून घ्याव्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याआधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण सक्तीचं केलंच आहे. ज्या पिस्तुलावर माणूस विसंबणार, ते त्या प्रशिक्षणात कुठेच नसतं. विक्रेत्यांनीही यात खर्चाचा वाटा उचलावा. परत आलेलं एक पिस्तूल त्यांना त्याहून महाग पडतं.

तोवर आपल्या हातात नोंद आहे. या अंकात एक पानाचा तक्ता छापला आहे: पिस्तुलाचं मॉडेल, आजवरचे एकूण राउंड, काडतुसाचा लॉट, मॅगझीनचा नंबर, अडथळ्याचा प्रकार, झाडणाऱ्याची पकड, शेवटची सफाई. नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक लिहू नका. एकाच मॉडेलच्या निदान तीन वेगवेगळ्या पिस्तुलांत, पन्नास राउंडनंतर, तोच अडथळा दिसला तर आम्ही कंपनीला लिहू, तिचं उत्तर मागू आणि नावासकट दोन्ही छापू. उत्तर आलं नाही तर तसं छापू. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या आपल्या काही वाचकांची हयात काडतुसाच्या पितळात गेली आहे. आलेले तक्ते तपासायला ती मंडळी तयार आहेत. त्यांना खोळीच्या बुडाचा जवळून काढलेला स्वच्छ फोटो हवा, ज्यात स्ट्रायकरचा ठसा आणि एक्स्ट्रॅक्टरचा ओरखडा दोन्ही दिसतील. खोळ मात्र पोस्टाने पाठवू नका.