मौनाची शिकवण

प्रौढांना संततिनियमन शिकविणे हे राष्ट्रकार्य, आणि तेच ज्ञान त्यांच्या वाढत्या मुलांना देणे हा अनाचार, अशी विलक्षण विभागणी आपल्या सुशिक्षित समाजाने करून ठेविली आहे. भारत सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या फायली आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या टेबलावरून गेल्या असतील. परंतु घरी १६ वर्षांच्या मुलाशी वा मुलीशी त्याच विषयावर चार वाक्ये बोलावयाची वेळ आली की, आम्हा अधिकाऱ्यांची वाचा बसते!

हे मौन महाराष्ट्रीयांना तरी शोभत नाही. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडणारे रघुनाथ धोंडो कर्वे आपलेच. त्या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकामुळे अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. त्याच महाराष्ट्रात २००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला बंदी करण्यात आली. याला भीरुता म्हणावयाचे नाही, तर काय?

ज्ञानाने मुले बिघडतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. युनेस्कोने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत निरनिराळ्या देशांतील अभ्यास तपासून, अशा शिक्षणाने लैंगिक व्यवहार वाढत नाहीत, असाच निष्कर्ष काढला आहे. मुले अजून लहान आहेत, हा दुसरा आक्षेप. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरांतील सुमारे ७ मुली माता झालेल्या वा गर्भवती आढळल्या. तिसरा आक्षेप असा की, हे सारे घरी आपोआप कळते. कोणत्या घरी? आमच्या बदल्यांच्या संसारात आजी गावी, मावशी पुण्याला आणि शेजार परभाषी. मुलाचा गुरू म्हणजे त्याच्या हातातील मोबाइल. आणि त्या गुरूकडे संमती व जबाबदारी हे धडे क्वचितच मिळतात.

शिकवावयाचे ते थोडके व स्पष्ट आहे. निरोधाने गर्भधारणा व संसर्ग या दोहोंचाही धोका पुष्कळ कमी होतो. संबंधानंतरची आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर घ्यावी तितकी गुणकारी. रोगापासून मात्र ती वाचवीत नाही. १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या दृष्टीने संमतीच नव्हे. आणि 'नको' म्हणण्याचा जसा हक्क आहे, तसे दुसऱ्याचे 'नको' ऐकण्याचे कर्तव्यही आहे. हे मुलांनाही सांगितले पाहिजे. मुलीवर पहारा आणि मुलाला मोकळीक, या रीतीने जबाबदारी कोणीच शिकत नाही.

संयमाचे महत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याला परिणाम ठाऊक नाहीत, त्याने संयम तरी कशाच्या आधारावर पाळावा? परप्रांतांतील आमची महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सवात व्याख्याने ठेवितात. त्यांतील एक दिवस जाणत्या डॉक्टरांना द्यावा, आणि पालकांनी मुलांसह पुढच्या रांगेत बसावे. सरकारी आदेशाची वाट पाहण्याची आम्हांस सवय आहे. मुलांचे वय मात्र कोणत्याही आदेशासाठी थांबत नाही.