आडनाव, वाय क्रोमोझोम आणि पाटीलकी

मंडळी, हल्ली डीएनए टेस्टचं खूळ बरंच पसरलंय. नळीत थुंकायचं, नाहीतर गालाच्या आतून एक काडी फिरवायची, पाकीट पाठवून द्यायचं, आणि काही आठवड्यांनी तुमचे पूर्वज ईमेलमधून हजर! आमच्या टीममधल्या एका देशमुखाला यातून 'सगळे देशमुख मुळात एकच का?' याचा निकाल लावायचाय. माझं मत विचाराल तर टेस्ट चांगली आहे, प्रश्न चुकीचा आहे.

आधी हे प्रकरण चालतं कसं ते बघू. वाय क्रोमोझोम बापाकडून मुलाला जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. त्यावर काही ठिकाणी ठरावीक अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती किती वेळा आली हे मोजायचं आणि दोन माणसांचे आकडे ताडून पाहायचे, बस्स. आकडे जितके जुळतील तितका दोघांचा समाईक पूर्वज जवळचा. आडनावही बापाकडूनच येतं, मग दोन्ही एकाच वाटेने जायला हवीत. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली नेमकं हेच तपासलं. त्यांनी आपल्याच आडनावाची माणसं निवडली. त्या साइक्स मंडळींपैकी जवळजवळ निम्म्यांचा वाय क्रोमोझोम एकसारखा निघाला. म्हणजे कधीतरी एक मूळपुरुष साइक्स होऊन गेला असणार.

पण हे तिकडेही सगळ्यांना लागू नाही. २००९ मध्ये टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटनमधली ४० आडनावं तपासली. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावाचे लोक बहुतेक एकाच घराण्यातले निघाले. स्मिथ मात्र एकमेकांचे कुणीच नाहीत! साहजिकच आहे, स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार काय गावोगाव असायचेच.

आता आपल्याकडे या. आपली निम्मी आडनावं स्मिथच आहेत हो! गाव तिथे पाटील, गाव तिथे कुलकर्णी. देशमुखी हे परगण्याचं वतन, त्यामुळे देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, सीकेपींत आहेत आणि मुसलमानांतही आहेत. गायकवाड आणि जाधव मराठ्यांत सापडतात तसेच दलितांतही. आणि '-कर' लावणारे तर सरळ गावाचा पत्ताच सांगतात. पेणकर हिंदू असेल किंवा बेने इस्राएलही असेल, दोघांना जोडतं ते पेण. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर आडनाव ही प्रायमरी की नाहीच, ते एक डेझिग्नेशनचं किंवा लोकेशनचं कॉलम आहे, आणि आपण त्यावर जॉइन मारायला निघालोय.

दुसरी भानगड दत्तकाची. राजर्षी शाहू महाराज १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. वाय क्रोमोझोम विचाराल तर तो घाटग्यांचा. इतिहास विचाराल तर छत्रपती शाहू भोसले, आणि १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला तो याच गादीवरून. मशीनच्या लेखी इथे साखळी तुटली. आपल्या लेखी तुटली का? अजिबात नाही. दत्तक हा आपल्याकडे घराणं चालू ठेवण्याचा राजमार्ग होता, राजवाड्यात आणि साध्या वाड्यातही.

दत्तक सोडा, एरवीही साखळ्या तुटतातच. दर पिढीत फक्त १ टक्का वेळा बाप कागदावरचा नसेल असं धरलं, तरी २० पिढ्यांत कुठेतरी साखळी तुटलेली असण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास जाते (कॅल्क्युलेटर काढून बघा). इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचंच घ्या. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली त्याचा सांगाडा सापडला. आईकडून येणारा डीएनए त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला. पण त्याच्या घराण्याच्या पुरुष वारसांपैकी ५ जणांचा वाय क्रोमोझोम तपासला, तर एकाचाही जुळेना. वर त्या पाचांतलाही एक जण उरलेल्या चौघांशी जुळत नव्हता! राजघराण्याची ही कथा, तर तुमची आमची काय.

आणि खरी अडचण इथेच आहे. रिचर्डला जाऊन पाचशेच्या वर वर्षं झाली, त्याला काय फरक पडतो? पण तुम्ही आणि तुमच्या सख्ख्या चुलतभावाने हौसेने टेस्ट केली आणि आकडे जुळले नाहीत, तर तो रिपोर्ट तुमच्या आजीबद्दलही बोलत असू शकतो. ती कदाचित आतल्या खोलीत हरिपाठ म्हणत बसली असेल. तिची परवानगी कोणी घेतली होती? कंपनीच्या फॉर्मवर सही तुमच्या एकट्याची असते, डीएनए मात्र सामायिक सातबाऱ्यासारखा, त्यात सगळ्यांची नावं. शिवाय तो डेटा राहतो कुठे हेही बघा. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो हो, क्रोमोझोम कसा बदलणार?

आणखी एक. दहा पिढ्या मागे गेलात तर झाडावर १,०२४ जागा आहेत. वाय क्रोमोझोम त्यातल्या एकाच जागेबद्दल सांगतो. उरलेल्या १,०२३ मध्ये सगळ्या पणज्या, खापरपणज्या, त्यांचे बाप, त्यांचे भाऊ... आपण ज्याला अभिमानाने 'आमचं रक्त' म्हणतो, ते बहुतेक त्यांच्याकडूनच आलंय. बहिणीला तर ही टेस्ट करताच येत नाही, तिने भावाला किंवा वडिलांना गळ घालायची.

म्हणून त्या देशमुखाला मी म्हटलं, टेस्ट कर बाबा, पण आधी घरी विचार. घरात कुणी एकाने जरी 'नको' म्हटलं तर विषय तिथेच सोड. आणि देशमुखीच शोधायची असेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरला जा. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुझ्या घरातून कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, हे लिहिलेलं सापडू शकतं. दत्तक गेलेलाही तिथे त्या घरचा म्हणूनच सापडेल. फक्त जाताना मूळ गावाचं नाव नीट विचारून घे, आणि मोडी वाचणारं कुणीतरी सोबत ने.