पाना फिरवणाऱ्यांची बाजू

‘पेट्या फोडायच्या, नट आवळायचे आणि वर आपली पाटी लावायची, याला का कारखानदारी म्हणायचं?’ दुसऱ्याच्या मोटारी जोडून शेजारच्या देशांत विकणाऱ्या कारखान्यांबद्दल हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. मला ते द्यायचं आहे. त्यासाठी उदाहरण घेतो उझबेकिस्तानातल्या आसाकाचं.

आसाका फरगाना खोऱ्यात आहे, बाबर जन्मला त्या आंदिजानजवळ. कोरियाच्या देवू कंपनीच्या भागीदारीत १९९६ साली तिथे मोटारी बनू लागल्या. टिको, दमास आणि नेक्सिया ही पहिली तीन मॉडेलं. यातली नेक्सिया म्हणजे आपल्याकडे १९९५मध्ये आलेली सिएलोच, आणि टिको सुझुकी आल्टोवर बेतलेली, म्हणजे मारुती ८००ची चुलत बहीण. या देशातून बंदर गाठायचं तर किमान दोन सीमा ओलांडाव्या लागतात. अशा ठिकाणी गिऱ्हाईक म्हणजे शेजारीच: कझाकस्तान, रशिया आणि आजूबाजूचे देश.

पहिला आक्षेप, जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. रंगवलेला सांगाडा तयारच यावा आणि त्याला इंजिन, चाकं, सीट बसवाव्यात, हे पाना फिरवणंच, मान्य. पण सुट्या पत्र्यांपासून गाडी उभी करायची तर गोष्ट बदलते. पत्रे साच्यात धरून हजारो ठिकाणी टाके मारायचे, सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवायचा, भट्टीत भाजायचा, मग रंग. अशा गाडीचं दार लावून कडेने बोट फिरवून बघा. फट वर चार मिलिमीटर आणि खाली सहा लागली, तर समजावं की वेल्डिंगचा साचा कुठेतरी हलला आहे. तो कुठे हलला हे ओळखणारा माणूस पेटीत घालून परदेशातून येत नाही. तो तिथेच, त्याच लाइनवर घडतो.

आणि सुरुवात कोणी कुठून केली? मारुती ८००च्या १९८३मधल्या पहिल्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांच्याच होत्या. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियरने आधी अमेरिकी गाड्या जोडल्या, पद्मिनी फार पुढे आली. जोडणीपाशीच थांबला तर दोष द्यावा, जोडणीने सुरुवात केली म्हणून नव्हे. आसाका थांबलं नाही. सीट, बंपर, रंग यांचे कोरियन भागीदारीतले कारखाने भोवती उभे राहिले, आणि २०११मध्ये ताश्कंदजवळ वर्षाला सव्वादोन लाख इंजिनांच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला.

दुसरा आक्षेप, परक्याच्या नावावर जगणारा परक्याच्या मर्जीने मरतो. हा जास्त वजनदार आहे. २०००च्या अखेरीस देवू दिवाळखोरीत गेली. नोएडाजवळच्या सूरजपूरचा तिचा कारखाना पुढे बंद पडला. जनरल मोटर्सने देवूचा मोटार व्यवसाय घेतला तेव्हा आसाका त्यात नव्हतंच. ते पोरकं झालं, पण नेक्सिया बनवत राहिलं, थेट २०१६पर्यंत. पुढे जनरल मोटर्स २५ टक्के भागीदार झाली आणि काही वर्षांनी निघूनही गेली. २०१९मध्ये कारखान्याचं नाव उझऑटो मोटर्स झालं. जनरल मोटर्सचं शेव्हरले हे नाव परवान्याने चालू राहिलं, लाइनही चालू राहिली.

आता तळेगावकडे बघा. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना काही पेट्या फोडणारा नव्हता, इंजिनंही तिथे बनत. भारतातली विक्री २०१७च्या अखेरीस थांबल्यावर तो बीट गाड्या मेक्सिकोला धाडत राहिला. तीच बीट आसाकामध्ये स्पार्क या नावाने बनत होती. डिसेंबर २०२०मध्ये तळेगावची लाइन थांबली, आसाकाची नाही. गाडी तीच, पण कुलूप लावायचं की नाही हे ठरवणारा एकीकडे डेट्रॉइटला होता आणि दुसरीकडे ताश्कंदला. तेव्हा मुद्दा कोणाचं नाव लावता हा नाही, किल्ली कोणाच्या खिशात आहे हा आहे.

तिसरा आक्षेप मात्र मी खोडणार नाही. या कारखान्याला सरकारने आयातकराच्या भिंतीआड वाढवलं, आणि त्याची किंमत उझबेक गिऱ्हाइकाने मोजली. पैसे आधी भरायचे, गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबायचं, आणि आपलीच गाडी परदेशात स्वस्त विकली जाते म्हणून चरफडायचं. चेतकसाठी दहा-दहा वर्षं नंबर लावलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. पण इथे गुन्हेगार कोण? पाना की भिंत? सगळे सुटे भाग स्वतः बनवणारा कारखानाही अशा भिंतीआड तितकाच आळशी झाला असता.

म्हणूनच शेजारच्या बाजारासाठी जोडणी करण्याच्या बाजूने मी उभा आहे. घरचं गिऱ्हाईक बांधून ठेवता येतं, शेजारचं येत नाही. रशियात उझबेक गाड्यांना आयातकराची माफी होती हे खरं, पण खरेदीदारावर सक्ती नव्हती. शेजारीच रशियाची स्वतःची लाडा उभी होती. तरी तिथे आसाकाच्या नेक्सिया आणि मॅटिझ भरपूर खपल्या. २०१२मध्ये रशियाने आयात गाड्यांवर भंगार-शुल्क बसवलं, २०१४मध्ये रुबल कोसळला, आणि विक्री आपटली. २०१५मध्ये ‘रावोन’ हा खास निर्यातीचा ब्रँड काढला, तोही टिकला नाही. टीकाकार याला पराभव म्हणतील. मी त्याला नापासाचा शेरा म्हणतो, आणि नापास करणारा परीक्षक घरच्या बाजारात कधी मिळालाच नव्हता. आता घरातही तो येतो आहे. उझबेकिस्तानातल्याच जिझाखला २०२४पासून चिनी बीवायडी गाड्या बनू लागल्या आहेत, तेव्हा ताश्कंदच्या रस्त्यांवरच्या पांढऱ्या शेव्हरलेंच्या रांगेला घाम फुटायला हरकत नाही.

राहता राहिला तो पहिला प्रश्न, पेट्या फोडण्याचा. कझाकस्तानातल्या कोस्तानाय शहरात गेल्या काही वर्षांपासून शेव्हरलेच्या गाड्या जोडल्या जातात. त्यांच्या सुट्या भागांच्या पेट्या उझबेकिस्तानातून येतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोरियाच्या पेट्या फोडणारे हात आता पेट्या भरतात. त्या उघडणाऱ्या कझाक कामगाराकडे बघून तिथलाही कोणी म्हणत असेल, ‘याला का कारखानदारी म्हणायचं?’ आसाकाच्या माणसाने तरी त्याला हसू नये.